विषय: आपल्या अमेरिकेतल्या मंडळाच्या दादर कचेरीचा फोन (शनिवारच्या आत ठरवा)

माई, दादर

नमस्कार मंडळी,
गणपतीचे फोन सुरू झाले. टेबलावर तीन लाइनींचे तीन फोन आहेत. एकावर बोलताना दुसरा वाजला की पहिल्याचा रिसीव्हर बाजूला ठेवायचा आणि पलीकडच्याने आमचं सगळं बोलणं ऐकत बसायचं. परवा डॅलसहून एक मुलगी आईच्या हॉस्पिटलची चौकशी करत होती, तिचा फोन तसाच पडून राहिला. मला याचं फार वाईट वाटलं. तिन्ही लाइनी दिसतील, होल्ड असेल आणि आतल्या टेबलावर कॉल देता येईल असा वायरचा फोन हवा. कॉर्डलेस नको, मागच्या वर्षी आलेला बंद करावा लागला ते सगळ्यांना ठाऊक आहे.

खजिनदार, एडिसन

माई, इथे चार लाइनींचा तयार सेट दुकानात मिळतो. होल्ड, इंटरकॉम, कॉन्फरन्स, सगळं आहे. नाटकाच्या दौऱ्याच्या तयारीला येणाऱ्यांच्या बॅगेत दोन सेट पाठवतो. खर्च माझ्याकडे टाका. तिकडे परस्पर काही घेऊ नये ही विनंती.

अप्पा, मुलुंड

कृपा करून पाठवू नका. टेलिफोन खात्यात जन्म गेला म्हणून सविस्तर लिहितो.
त्या सेटचा अडॅप्टर 120 व्होल्टचा, आपल्याकडे 230. अडॅप्टर बदलता येईल, पण खरी अडचण वायरिंगची आहे. त्या फोनच्या एकाच जॅकमध्ये दोन लाइनी येतात, मधल्या दोन तारांवर पहिली आणि बाहेरच्या दोन तारांवर दुसरी. आपल्या भिंतीवरच्या प्रत्येक रोझेटमध्ये, म्हणजे फोनची वायर खोचायच्या डबीत, एकच लाइन आहे. शिवाय या जातीच्या सेटचा इंटरकॉम पहिल्या लाइनच्या तारांवरूनच चालतो, म्हणजे ती लाइन दोन्ही टेबलांपर्यंत गेलेली हवी. आपली पहिली लाइन बाहेरच्या खोलीतच संपते, आत फक्त तिसरी जाते. चार बटणं असूनही माईंना आत कॉल देता येणार नाही, आणि बिघडला तर सुटा भाग इथे मिळणार नाही.
माझं मत: छोटा तीन-आठचा ईपीएबीएक्स घ्या, म्हणजे बाहेरच्या लाइनी कचेरीतल्या फोनांना जोडणारी पेटी. तिच्यात तीन लाइनी येतात आणि आठ एक्स्टेन्शन, म्हणजे कचेरीतले फोन, जोडता येतात. पॅनासॉनिकचा केएक्स-टीईएस824 मी पुष्कळ ठिकाणी पाहिलाय. माईंच्या टेबलावर त्याचाच की-फोन, त्यावर प्रत्येक लाइनचा दिवा दिसतो. आत साधा बीटेलचा फोन चालेल. की-फोनला दोन जोड्या तारा ओढाव्या लागतील, आणि कॉलर आयडीचं कार्ड वेगळं घ्यावं लागतं. दुकानदार हे आपणहून सांगत नाहीत. लॅमिंग्टन रोडला मी सोबत येतो.

पार्ल्याहून

कॉर्डलेसचा विषय निघाला म्हणून. तो सेट अमेरिकेचा होता, 1920 ते 1930 मेगाहर्ट्झवर चालणारा. आपल्याकडे तो पट्टा मोबाइल कंपन्यांचा आहे, म्हणून असा सेट इथे चालवायची परवानगीच नाही. माईंनी तो बंद केला ते योग्यच केलं. आणि वायरचाच फोन घ्या. 12 ऑक्टोबर 2020 ला मुंबईची वीज गेली तेव्हा आमच्या बाबांचा जुना वायरचा फोन चालू होता, सगळ्या इमारतीचे निरोप त्यावरून गेले.

सचिव, न्यू जर्सी

पार्लेकर ताई, तो फोन चालला तो तांब्याच्या तारेवर होता म्हणून. एक्स्चेंजकडून 48 व्होल्ट त्याच तारेतून येतात. दादरला आता फक्त पहिली लाइन तशी आहे. दुसरी आणि तिसरी फायबरच्या डब्यातून येतात, डब्याची वीज गेली की त्या गेल्या. फोन वायरचा असला तरी फरक पडत नाही.

अप्पा, मुलुंड

बरोबर. म्हणून डब्याला आणि ईपीएबीएक्सला एक यूपीएस द्या, आणि तांब्याची लाइन पहिल्याच पोर्टला लावा. वीज पूर्ण गेली की ती लाइन आपोआप पहिल्या एक्स्टेन्शनच्या साध्या फोनला जोडली जाते. वृद्धांच्या मदतीचा नंबर तोच ठेवा.

खजिनदार, एडिसन

दोन कोटेशनशिवाय पैसे सुटणार नाहीत, हा कार्यकारिणीचा नियम आहे. दुसरं, इकडचा इंटरनेटवरून चालणारा फोन नंबर दादरच्या ईपीएबीएक्सला जोडला तर सभासदांना इथल्या दरात थेट बोलता येईल. तेही एकदमच करून घ्यावं.

अप्पा, मुलुंड

ते अजिबात नको. बाहेरून इंटरनेटवर आलेला कॉल इथल्या साध्या लाइनवर उतरवणं बेकायदा आहे, त्यावर धाडी पडतात. कचेरी माईंच्या नावावर आहे, त्रास त्यांना होईल.

माई, दादर

खजिनदार भाऊ, कोटेशन दोन घेऊ, पण फोन आम्ही उचलतो, तेव्हा कुठला घ्यायचा ते दादरला ठरू द्या. ईपीएबीएक्सच घेतेय. इंटरनेट नंबरचं नाव काढू नका.
अप्पा, गुरुवारी अकराला ग्रँट रोड स्टेशनच्या पूर्वेला भेटू. बटणांवर भरायचे नंबर वहीत लिहून आणते. मोबाइल नंबरांच्या आधी शून्य घातलंय, 2021 पासून लँडलाइनवरून त्याशिवाय लागत नाही आणि नवी मुलं दर वेळी विसरतात. तारा ओढणारा माणूस तुमच्या ओळखीचा असेल तर त्याला शुक्रवारी सकाळी पाठवा. दुपारनंतर वर्गणीवाले येतात, खोलीत पाय ठेवायला जागा नसते.