‘आधी हर, मग विचार’ हे उत्तर नव्हे (बॅटल फॉर वेस्नॉथ, नवशिक्यांचे प्रश्न)

भालाईत:
काल एका नव्या खेळाडूने वेस्नॉथ या षटकोनी घरांवर, फेरी-फेरीने खेळायच्या संगणकीय युद्धखेळाबद्दल चार साधे प्रश्न विचारले. सुरुवातीलाच सगळं सोनं खर्चून फौज घ्यायची का? रात्री माझी माणसं दुबळी का पडतात? ७० टक्के दाखवूनही जादूगाराचे तिन्ही वार हुकतात ते कसे? आणि वाईट झालं की सेव्ह लोड करणं, म्हणजे आधी साठवलेला डाव पुन्हा उघडणं, गैर आहे का? त्यावर मिळालेलं उत्तर एवढंच: "आधी दहा डाव हर, प्रश्न आपोआप मिटतील. आणि सोपी पातळी लावू नकोस, सवय बिघडते."

हे वाचून डोकं फिरलं, म्हणून वेगळा धागा काढतोय. हा खेळ २००३ पासून फुकट उपलब्ध आहे, जुने खेळाडू भरपूर आहेत, तरी नव्या माणसाला कोणी नीट सांगत नाही. आणि या खेळात हरल्यावर कारण समोर येत नाही. पडद्यावर ‘पराभव’ येतो, बास. माणूस समजतो, नशीब वाईट होतं. खरं कारण बहुतेक वेळा दोन फेऱ्या आधीच घडून गेलेलं असतं.

रात्रीचंच घ्या. दिवसात सहा टप्पे: पहाट, सकाळ, दुपार, संध्याकाळ आणि रात्रीचे दोन प्रहर. माणसांची फौज सकाळ-दुपार २५ टक्के जास्त मारते, रात्री २५ टक्के कमी. ऑर्कांचं, म्हणजे समोरच्या राक्षसी फौजेचं, उलट. आपल्या भालेवाल्याचे मूळ आकडे ७ चे ३ वार, म्हणजे लागलेला प्रत्येक वार शत्रूचा ७ जीव घेतो. दिवसा ते ९ चे होतात, रात्री ५ चे. म्हणजे तिन्ही लागले तर दिवसा २७, रात्री १५. समोरचा ग्रंट, म्हणजे ऑर्कांचा साधा पायदळी गडी, ९ चे २ वार मारतो, रात्री ११ चे. नवा गडी संध्याकाळी जोशात पुढे सरकतो आणि पुढच्या दोन फेऱ्यांत सगळी आघाडी गमावतो. दहा डाव हरला तरी त्याला हे कळेलच असं नाही. दोन वाक्यांत सांगितलं तर लगेच कळतं: संध्याकाळी मागे या, किल्ल्यात किंवा गावात पाय रोवा, पहाटेनंतर बाहेर पडा.

मध्यरात्र:
ते उत्तर माझंच होतं. नाव न घेता धागा काढलात, म्हणून इथेच बोलतो.

तुम्ही वर दिलंय ते सगळं खेळाच्या मदतीत लिहिलेलं आहे. मी विचारू नको म्हटलं नाही, आधी खेळ म्हटलं. आकडे वाचून कोणी शिकत नाही. आपला जादूगार ग्रंटवर जाळ फेकतो, ग्रंटकडे लांबचा मारा नाही, उलट वार येत नाही, आपण खूश. मग रात्री तोच ग्रंट शेजारी येऊन ११-११ चे दोन घाव घालतो आणि २४ जिवाच्या जादूगाराकडे २ उरतात. हे एकदा भोगलं की माणूस जन्मात जादूगार उघडा ठेवत नाही. सांगून हे होत नाही.

निळावंती:
मध्यरात्र, तुमचा ग्रंटचा दाखला बिनचूक आहे, पण तो तुम्हाला आत्ता चार ओळींत सांगता आला की! मग काल त्या मुलाला का नाही सांगितलात?

माझा धाकटा भाऊ ‘एअर टू द थ्रोन’ या मोहिमेच्या (एकामागून एक प्रसंगांच्या सलग कथेच्या) पहिल्या प्रसंगातच खेळ सोडून गेला होता. कारण? त्याला वाटलं सगळ्या शत्रूंना मारायचंय. तिथे कोनराडला, म्हणजे आपल्या नायकाला, फक्त वायव्येच्या पाटीपर्यंत सुखरूप न्यायचं असतं. तो तिथेच ठाण मांडून लढत बसायचा, दरवेळी कोनराड मरायचा आणि डाव संपायचा. हरून तो काय शिकला? आणखी जोरात लढायला! मी शेजारी बसून ‘उद्दिष्ट वाच’ एवढंच म्हटलं, त्या संध्याकाळी पुढे गेला.

सहावा_षटकोन:
सोन्याच्या प्रश्नाला अजून कोणी हात लावला नाही, आणि खरी मेख तिथे आहे. प्रत्येक सैनिकाचा दर फेरीचा खर्च त्याच्या पातळीइतका (खेळाची सोपी-अवघड पातळी नव्हे, गडी अनुभवाने चढतो ती). आपल्या ताब्यातलं एकेक गाव एकेका पातळीचा खर्च उचलतं, उरलेला खजिन्यातून जातो. पहिल्या पातळीचे आठ गडी आणि पाच गावं असतील तर तीन सोनं दर फेरीला कापलं जाणार. म्हणून आधी गावं. गावात उभं राहिलं की दर फेरीला ८ जीव भरतो, विष उतरतं, हे वेगळंच.

पण ‘सोनं साठवा’ हा सल्लाही चुकीचा आहे आणि तो मी फार ठिकाणी वाचलाय. बऱ्याच मोहिमांत उरलेल्या सोन्याचा ४० टक्केच भाग पुढच्या प्रसंगात जातो. १०० वाचवले तर ४०. त्यापेक्षा सुरुवातीला पुरेशी फौज घेऊन प्रसंग लवकर संपवा, वेळेआधी संपवल्याचं बक्षीस बहुतेक वेळा त्याहून जास्त भरतं.

भालाईत:
पटलं. पण ‘पुरेशी’ म्हणजे किती, हेच तर त्याने विचारलंय ना. माझं मत: पहिल्या दोन फेऱ्यांत किल्ल्याची सगळी घरं नव्या गड्यांनी भरा, मग थांबून बघा.

मध्यरात्र:
सोन्याचं राहू द्या, लोड करण्याचं बोला. तोच रोग आहे. एक वार हुकला की लोड, दुसरा हुकला की लोड. माझा एक मित्र असा खेळायचा. प्रत्येक मोठ्या हल्ल्याआधी सेव्ह. एकाच घोडेस्वाराला सगळे बळी खाऊ घातले, बाकी फौज कच्ची. मोहिमेच्या उत्तरार्धात तीन बाजूंनी शत्रू आले तेव्हा एक घोडेस्वार तिन्हीकडे कसा पुरणार? तिथून कितीही लोड केलं तरी सुटका नव्हती. लोड करणारा खेळत नाही, फासे टाकत बसतो.

निळावंती:
हे लोड केल्यामुळे झालं नाही, एकालाच वाढवल्यामुळे झालं. पहिल्या पातळीचा शत्रू मारला की ८ अनुभव, नुसतं लढलं की १. शेवटचा घाव कोणाला द्यायचा हे त्याला कोणी शिकवलं असतं तर सगळी फौज तयार झाली असती.

आणि मोहिमेत नुकसान साठत जातं हे तुम्ही विसरताय. तिसऱ्या प्रसंगात तयार गडी गमावले तर सातव्यात रिकॉलला, म्हणजे आधीच्या प्रसंगातले गडी परत बोलवायला, कोण आहे? २० सोनं देऊन कोणाला बोलावणार? नव्या खेळाडूने प्रसंगाच्या सुरुवातीचा सेव्ह उघडून तो पुन्हा खेळला तर मी त्याला शिकणंच म्हणेन.

मध्यरात्र:
प्रसंगाच्या सुरुवातीपासून पुन्हा, हे मान्य. ते मी कधीच नाकारलं नव्हतं. वारागणिक लोड, ते मान्य नाही आणि होणार नाही.

अर्धविराम:
वारागणिक लोड करावं लागतं कारण खेळच पक्षपाती आहे. वर्षानुवर्षं खेळतोय. माझे ७० टक्के हुकतात आणि संगणकाचे ३० टक्के लागतात. हे सगळ्यांना माहीत आहे, कोणी बोलत नाही.

सहावा_षटकोन:
नाही हो. ७० टक्क्यांचे तिन्ही वार हुकण्याची शक्यता २.७ टक्के. एका प्रसंगात असे किती हल्ले होतात? दोन-तीन प्रसंगांत एखाददा हे दिसणारच. आणि भालेवाला किल्ल्यातल्या माणसावर गेला तर त्याला ४० टक्केच मिळतात, तिन्ही हुकण्याची शक्यता २१.६. म्हणजे पाचातून एकदा काहीच लागत नाही. लोक तिथे हल्ला करतात आणि नशिबाला दोष देतात. तोच शत्रू उथळ पाण्यात उतरलेला असेल तर ८० टक्के मिळतात, तिन्ही हुकणं हजारात आठदा.

अर्धविराम:
पुस्तकी गणित मलाही येतं. माझा अनुभव खोटा का?

सहावा_षटकोन:
अनुभव खोटा म्हटलं नाही. हुकलेलं लक्षात राहतं, लागलेलं राहत नाही, एवढंच. मेनूमध्ये आकडेवारीची खिडकी आहे, तुमचे आणि शत्रूचे अपेक्षित व प्रत्यक्ष घाव दोन्ही दाखवते. एक पूर्ण प्रसंग खेळून तिथलं बघा, मग बोलू.

अर्धविराम:
म्हणजे मी खोटारडा. स्पष्ट म्हणा की.

भालाईत:
अर्धविराम, कोणी तसं म्हटलं नाही. उगाच तापू नका. आणि मध्यरात्र, हे तुम्हालाही: नव्या आवृत्त्यांत मोहीम सुरू करतानाच नशिबाचा प्रकार निवडता येतो. एक नेहमीचा, एक लोड केलं तरी तेच आकडे देणारा, आणि एक निकाल सरासरीच्या जवळ ठेवणारा. वारागणिक लोड खटकत असेल तर नव्या माणसाला दुसरा प्रकार लावायला सांगा. तीन वार हुकले की रडू येत असेल तर तिसरा लावू द्या. नव्या माणसाला मैदान आणि वेळ यांचं महत्त्व तिसऱ्या प्रकारात जास्त स्वच्छ दिसतं असं माझं ठाम मत आहे, कारण चुकीच्या जागी उभं राहिल्याचं खापर फाशांवर फोडता येत नाही.

मध्यरात्र:
तिसरा प्रकार म्हणजे वेस्नॉथ नव्हेच. वाईट फासे पडले तरी मोडणार नाही अशी मांडणी करणं हाच तर खेळ आहे. मागे राखीव गडी ठेवणं, जखमीला मागे घेऊन ताज्याला पुढे आणणं, हे सगळं अनिश्चितीपोटी आहे. तीच काढलीत तर उरलं काय?

पण दुसरा प्रकार चांगला आहे. तो त्या मुलाला सांगायला हवा होता, हे मान्य करतो. सोपी पातळी मात्र अजूनही मान्य नाही.

नवा_गडी:
प्रश्न माझेच होते. तुमचं भांडण वाचून बरंच कळलं, धन्यवाद. संध्याकाळी मागे यायचं हे करून पाहिलं, पण माघार घेताना शत्रूला चिकटलेले गडी एकच घर सरकतात आणि अडकतात. काय करू?

सहावा_षटकोन:
शत्रूच्या लगतच्या सहाही घरांवर त्याचा वचक असतो. तिथे पाऊल टाकलं की त्या फेरीची चाल संपते, आणि मागचं घरही दुसऱ्या शत्रूला लागून असेल तर तिथेच थांबावं लागतं. म्हणून माघार संध्याकाळी सुरू करायची नाही, दुपारीच चिकटणं थांबवायचं. हाच वचक तुमच्या बाजूनेही चालतो: एका आड एक घर सोडून गडी उभे करा, शत्रू मधून आरपार निसटत नाही. थोडक्या माणसांत लांब आघाडी धरता येते. शून्य पातळीच्यांचा मात्र वचक नसतो, त्यांना रांगेत धरू नका.

मध्यरात्र:
आणि जे अडकलेत त्यांना सोडवायला बाकीची फौज परत पाठवू नकोस. एक गडी गेला तर जाऊ दे. त्याच्यासाठी चार जण रात्री उघड्यावर आणलेस तर पाचही जातील.

निळावंती:
तो एक गडी दुसऱ्या पातळीचा असेल तर? मी तरी नाही सोडणार. जखमा भरून काढणारी असेल तर मुळीच नाही.

मध्यरात्र:
मग दुपारीच तिला पुढे का नेलीत?