खी-ऱ्हो हे चिन्ह कॉन्स्टंटाइनच्या आधीचे आहे का? (मदत हवी आहे)

नमस्कार,

ग्रीक वर्णमालेतील खी आणि ऱ्हो ही अक्षरे एकमेकांवर रचून केलेले ख्रिस्ती चिन्ह, म्हणजे फुलीच्या मधोमध उभा रोमन 'पी' असावा तसे दिसणारे, वसईकडच्या चर्चमध्ये वेदीवरील कापडाच्या भरतकामात अनेकांनी पाहिले असेल. 'ख्रिस्तोस' या नावाची ती पहिली दोन अक्षरे, एवढे मला ठाऊक आहे. अडचण आहे ती उगमाची.

सर्वत्र एकच हकीकत सांगितली जाते : २८ ऑक्टोबर ३१२ रोजी रोमजवळील मिल्वियन पुलापाशी प्रतिस्पर्धी मॅक्सेन्टियसशी झालेल्या लढाईआधी रोमन सम्राट कॉन्स्टंटाइनला दृष्टान्त झाला आणि त्यातून हे चिन्ह आले. परंतु मूळ कथनांचाच आपसांत मेळ बसत नाही. लढाईनंतर काही वर्षांतच लिहिणारा ख्रिस्ती लेखक लॅक्टेन्शियस स्वप्नातील आज्ञेवरून ढालींवर खूण काढल्याचे सांगतो. बिशप युसेबियस मात्र सम्राटाच्या मृत्यूनंतर (३३७) लिहिलेल्या चरित्रात भर दुपारनंतर सूर्यावर दिसलेला प्रकाशाचा क्रूस, तो पाहणारे सारे सैन्य आणि मग रात्रीचे स्वप्न असे वर्णन करतो. याच युसेबियसने पूर्वी लिहिलेल्या चर्चच्या इतिहासात लढाई आहे, पण दृष्टान्ताचा उल्लेखही नाही!

तेव्हा हे चिन्ह ३१२ पूर्वी वापरात होते का, आणि त्या काळच्या माणसाला त्यातून नेमके काय कळत असे? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद

ही जोडअक्षरी खूण ख्रिस्ती धर्माहूनही जुनी आहे. इजिप्तचा राजा तिसरा टॉलेमी (इ. स. पूर्व तिसरे शतक) याच्या ब्राँझच्या नाण्यांवर गरुडाच्या पायांमध्ये ती स्पष्ट दिसते, आणि तिथे ख्रिस्ताचा संबंध असण्याचा प्रश्नच नाही. ग्रीक हस्तलिखितांच्या समासात 'हा मजकूर उपयुक्त' अशा अर्थानेही ती घातली जाई.

ख्रिस्ती हस्तलिखितांत तिच्याआधी तिची सख्खी बहीण भेटते : तौ आणि ऱ्हो या ग्रीक अक्षरांची जोडणी. सर्वसाधारणपणे इ. स. २०० च्या आसपासच्या मानल्या जाणाऱ्या शुभवर्तमानांच्या पपायरसांत (लव्हाळ्याच्या कागदावरील प्रतींत) 'क्रूस' या अर्थाचा ग्रीक शब्द लिहिताना ती मधल्या अक्षरांच्या जागी येते आणि क्रूसावर मान टेकलेल्या माणसासारखी दिसते. लॅक्टेन्शियसने केलेले ढालीवरील खुणेचे वर्णन खी-ऱ्होपेक्षा या आकृतीशी अधिक जुळते, असे काही अभ्यासक मानतात आणि मलाही ते पटते. दुसरे असे, की त्याच सुमारास ख्रिस्ती धर्मशिक्षक अलेक्झांड्रियाच्या क्लेमेंटने ख्रिस्ती लोकांच्या मुद्रांकित अंगठ्यांसाठी कबुतर, मासा, जहाज, वीणा आणि जहाजाचा नांगर एवढी चित्रे सुचवली; त्यांत खी-ऱ्हो नाही. म्हणजे चिन्ह अस्तित्वात होते, पण ओळख म्हणून मिरवण्याचे नव्हते.

ते बळ त्याला राजसत्तेने दिले, तेही सावकाश. रोममधील कॉन्स्टंटाइनच्या कमानीवर (३१५) सूर्यदेव आहे, विजयदेवता आहे, 'दैवी प्रेरणेने' असे मोघम शब्द आहेत, पण ख्रिस्ती खूण एकही नाही. त्याच वर्षी तिसिनम, म्हणजे आजच्या पाविया, येथे पाडलेल्या चांदीच्या पदकावर मात्र सम्राटाच्या शिरस्त्राणावर खी-ऱ्होचा बारीकसा बिल्ला दिसतो. नंतर ३२७ च्या सुमारास कॉन्स्टँटिनोपलच्या नाण्यांवर हे चिन्ह माथी असलेला ध्वजदंड थेट सापाला भोसकतो. त्यामुळे चौथ्या शतकातल्या शिपायाला त्यातून ख्रिस्ताच्या नावाइतकाच, किंबहुना आधी, सम्राटाचा विजय कळत असावा.

धागाकर्ता

मनःपूर्वक आभार. मग इंग्लंडच्या डॉर्सेटमधील हिंटन सेंट मेरी येथे १९६३ साली सापडलेल्या चौथ्या शतकातील रंगीत तुकड्यांच्या चित्रमय फरशीवर, दोन डाळिंबांच्या मधल्या बिनदाढीच्या चेहऱ्यामागे जो खी-ऱ्हो आहे, तो चेहरा ख्रिस्ताचा की सम्राटाचा?

प्रतिसाद

बहुतेक जण ख्रिस्ताचाच म्हणतात. सम्राट म्हणणाऱ्यांचा मुद्दा असा, की ख्रिस्ताची प्रतिमा पायाखाली कोण घालील? पण तो आक्षेप सम्राटालाही तितकाच लागू पडतो.