रॅपिड लेकच्या लोकांनी शहरात का जावं?

उत्तरवाट : ऑटावातल्या मराठी मंडळींत कॅनडातल्या आदिवासी वस्त्यांचा विषय निघाला की एक वाक्य हमखास ऐकू येतं : 'सरकार एवढे पैसे देतं, तरी ह्यांची अवस्था अशी का?' म्हणून हा धागा. आपण राहतो ती ऑटावाची जमीन अल्गाँक्विन आदिवासींची, त्यांनी ती कोणत्याही तहाने कधी दिलेली नाही. इथून उत्तरेला सुमारे 300 कि.मी.वर, ला व्हेरेंद्री अभयारण्यात रॅपिड लेक आहे. त्यांच्यातल्या बॅरियर लेक नावाच्या गटाला 1961 साली तिथे 59 एकर राखीव जागा मिळाली. तेवढ्यात काही शे माणसं, शाळा, दवाखाना, सगळं. घरं अपुरी, एकेका घरात तीन-तीन पिढ्या. काबोंगा आणि डोझ्वा जलाशयांनी त्यांच्या शिकारीच्या जागा बुडवल्या. त्या साठ्यांच्या जोरावर खालच्या अंगाची वीजकेंद्रं चालतात, आणि ही वस्ती मात्र दशकानुदशकं डिझेल जनरेटरवर राहिली. त्यांना मिळतं ती मदत नाही, त्यांचीच थकबाकी आहे.

हिशेबनीस : थकबाकी मान्य केली तरी प्रश्न उरतोच. एवढ्या लहान वस्तीत माध्यमिक शाळा, डॉक्टर, पाणीपुरवठा हे सगळं नीट चालवणं कुणालाही जड जाईल. नेतृत्वावरून तिथे वर्षानुवर्षं दोन तट होते, आणि 2006 मध्ये केंद्र सरकारने आर्थिक कारभार बाहेरच्या व्यवस्थापकाकडे सोपवला. व्हाल-दोर शहर दीड-दोन तासांवर आहे. ज्यांना जायचंय त्यांचं भाडं आणि शिक्षण सरकारने उचलावं. जमिनीचा निकाल लागेपर्यंत लहान मुलांनी थांबायचं का?

अबोली : व्हाल-दोरचंच नाव घेतलंत म्हणून सांगते. 2015 मध्ये तिथल्या आदिवासी स्त्रियांनी पोलिसांकडून झालेल्या अत्याचारांबद्दल उघडपणे सांगितलं. त्यातून व्हियाँ चौकशी आयोग नेमला गेला. पोलीस, रुग्णालयं, बालकल्याण अशा सार्वजनिक सेवांत आदिवासींशी भेदभाव होतो हे नाकारणं अशक्य आहे, असा त्याचा 2019 चा निष्कर्ष. शिवाय रॅपिड लेकच्या लोकांची दुसरी भाषा इंग्रजी, आणि शहरातल्या रुग्णालयाचा कारभार फ्रेंचमध्ये. आजारी आजीला घेऊन जाणाऱ्या नातवाचे हाल डोळ्यांसमोर आणा. शेजारच्या किट्सिसाकिक या अल्गाँक्विन वस्तीची मुलं तर शाळेसाठी आठवडाभर व्हाल-दोरला परक्या घरात राहायची आणि शनिवार-रविवारी आईकडे यायची. हे पुन्हा सुचवू नका.

हिशेबनीस : किट्सिसाकिकने राखीव वस्तीचा दर्जाच नाकारला आणि कित्येक वर्षं नळ-विजेविना काढली. तत्त्व मोठं खरं, पण त्याची किंमत मुलांनी मोजली.

उत्तरवाट : ती किंमत लावली कुणी? जमिनीचा वाद मिटलेला नसताना आखून दिलेल्या तुकड्यात जा, मगच पाणी मिळेल, ही अट सरकारची होती. रॅपिड लेकने तर सरळ वाटाघाटीचा मार्ग धरला. 1991 मध्ये कॅनडा आणि क्युबेकबरोबर सुमारे 10,000 चौ. कि.मी.साठी करार केला : जंगलाचं नियोजन एकत्र, उत्पन्नात वाटा. 2006 मध्ये क्युबेक आणि वस्ती या दोन बाजूंच्या प्रतिनिधींनी, चाच्या आणि लिंकन यांनी, वर्षाला 15 लाख डॉलरची शिफारस केली. लाकडाचे ट्रक जात राहिले, हा वाटा काही आला नाही.

नदीकाठ : दोघांचंही अर्धवटच पटलं. मॅनिवाकी गावाजवळची किटिगन झिबी ही अल्गाँक्विन वस्ती बघा. स्वतःची शाळा, पोलीस, आरोग्य केंद्र, रेडिओ. कारभार हातात असला की सेवा उभ्या राहतात. पण तिथेही विहिरींच्या पाण्यात नैसर्गिक युरेनियम सापडलं आणि 1999 पासून घरोघरी बाटलीबंद पाणी वाटावं लागलं. नुसत्या चांगल्या कारभाराने भूगर्भ बदलत नाही, त्याला पैसा लागतो. आणि 1996 पासून वीस वर्षं केंद्राने वस्त्यांच्या मूळ निधीची वाढ वर्षाला 2 टक्क्यांवर रोखली होती. लोकसंख्या त्याहून वेगाने वाढत होती. भरीला आदिवासींसाठीच्या केंद्राच्या कायद्याचं, इंडियन अ‍ॅक्टचं, कलम 89 : राखीव जमिनीवरच्या घरावर बाहेरची बँक जप्ती आणू शकत नाही, म्हणून साधं गृहकर्जही सहसा देत नाही. मग घरं बांधायची कशातून?

हिशेबनीस : कलम 89 बद्दल सहमत. वाटाही द्यावा, उद्यापासून द्यावा. पण कुणाच्या हातात?

अबोली : त्यांच्या पारंपरिक परिषदेच्या. 2010 मध्ये सरकारने ती बाजूला सारून इंडियन अ‍ॅक्टखालची निवडणूक लादली, तट आणखी पक्के झाले. जुन्या रिवाजात त्या जमिनीशी रोजचा संबंध असणारे लोक नेता निवडतात.

हिशेबनीस : म्हणजे शिकायला व्हाल-दोरला गेलेल्या मुलीला त्यात आवाज नाही. हे मला पटत नाही.

अबोली : ते बदलायचं की नाही हे तिने आणि तिच्या आजीने ठरवायचं, मंत्र्याने नाही.