काळं टोल्याचं घड्याळ: दगडी आहे का? डाग कसे काढू?

रावपुऱ्याची सून:
नमस्कार मंडळी. रावपुऱ्यातलं जुनं घर आवरताना आतेसासूबाईंच्या कपाटावरून एक मेजावरचं घड्याळ उतरवलं. हातभर रुंद, काळंकुळकुळीत, पुढे हिरवे संगमरवरी खांब, दोन्ही कडांना पितळी सिंहाची तोंडं. घरातली कथा अशी की सयाजीराव महाराजांकडून बक्षीस मिळालेलं. (बडोद्यात माळ्यावर जे काही जुनं निघतं ते महाराजांनीच दिलेलं असतं, तेव्हा हे बाजूला ठेवा.) बुडाला शाईचा शिक्का आहे: ५०९१ एच. मॉडेल नंबर असावा.

चावी दिली की दोन मिनिटं चालतं, मग थांबतं. चार वाजता सात टोले देतं. कोमट फडक्याने खांब घासले तर चक्क आरतीचा वास आला! वर्षानुवर्षं देवघराशेजारी होतं, म्हणून असेल. डाग मात्र निघाले नाहीत. उद्या नेलपेंट काढायचं द्रावण वापरून बघणार आहे. ह्यांनी शिवणयंत्राचं तेलही आणून ठेवलंय. चुकत असेन तर आजच सांगा.

जुनी चावी:
ताई, ते द्रावण आधी लांब ठेवा! तुमचे खांब दगडाचे नाहीत. आरतीचा वास देवघराचा नाही, खांबांचाच आहे. सेल्युलॉइड, म्हणजे जुन्या काळचं प्लास्टिक, कापूर घालूनच बनवायचे आणि ते घासून गरम झालं की वास सुटतो. लाकडावर सेल्युलॉइडचा पातळ थर चढवून संगमरवराचा भास करायचा, ही अमेरिकेतल्या सेथ थॉमस कंपनीची खासियत, नाव ॲडमंटाइन. नेलपेंटच्या द्रावणात हा थर विरघळतो. स्पिरिटही नको. ओलसर फडकं, लगेच कोरडं फडकं, बस्स. आणि आता निरांजनाशेजारी ठेवू नका, सेल्युलॉइड भसकन पेटतं.

शिक्का उलटा वाचा. ५०९१ म्हणजे १९०५, आणि एच हे आठवं अक्षर, म्हणजे ऑगस्ट. त्या काळी ही कंपनी बऱ्याच घड्याळांवर साल असंच उलटं छापायची. महाराज १८७५ पासून १९३९ पर्यंत गादीवर होते, तेव्हा तुमची कथा तारखेने तरी खोटी पडत नाही!

मांडवीचा टोला:
टोल्यांचं सोपं आहे. चारला सात पडले ना? मग तास काटा बोटाने हळूच सरकवून सातावर आणा. तो नुसता दाबून बसवलेला असतो. नंतर मिनिट काटा पुढे फिरवत वेळ लावा, प्रत्येक तासाला आणि अर्ध्याला थांबून टोले पूर्ण पडू द्या. मिनिट काटा मागे फिरवायचा नाही.

थांबतं, ते मशीन बिघडल्यामुळेच असं नाही. कान लावून ऐका. टिक आणि टॉक यांच्यात सारखं अंतर हवं. लंगडत असेल तर एका बाजूखाली घडी घातलेला कागद सरकवून बघा. आमच्याकडे एका घड्याळजींनी नुसत्या 'साफसफाई'चे पैसे घेतले होते, घरी आणल्यावर पोस्टकार्डाने चाललं.

तेल मात्र ओतू नका. आधीच्या तेलाचा चिकटा झालेला असतो, त्यावर नवं तेल म्हणजे धुळीला आमंत्रण. मशीन उघडून साफ करायला जाणत्याकडेच द्या, कारण चावी भरलेली स्प्रिंग सुटली तर बोटं फोडते. आणि नेताना लंबक काढून वेगळा गुंडाळा.

रावपुऱ्याची सून:
सात आता सातालाच पडतात. टिकटिक खरंच लंगडी होती. डावीकडे पुठ्ठा सरकवला आणि सकाळपासून चालू आहे. आतेसासूबाईंना फोन करून सांगितलं. त्या म्हणाल्या, "अगं, त्याच्याखाली कायम पुठ्ठ्याची घडी असायची, कुठे गेली?"

ती मी परवाच कचऱ्यात टाकली होती.