ड्रमरची किंमत आवाजावरून करायची का?

ब्रशवाला, सांगली

२१ वर्षं ड्रम वाजवतोय. घर विश्रामबागला. पोटापाण्याला ऑर्केस्ट्रा आणि रिसेप्शनच्या सुपाऱ्या, आणि वर्षातून वीस-पंचवीस वेळा जॅझ. जॅझची कामं सांगलीत मिळत नाहीत. ती महाबळेश्वर-पाचगणीच्या हॉटेलांत, पुण्यात, आणि डिसेंबरात गोव्यात. एसटीनं जातो. सिम्बलची, म्हणजे झांजांची, बॅग मांडीवर आणि स्नेअर, म्हणजे छोटा ढोल, पायाशी, बाकीचा सेट तिथलाच.

मागच्या डिसेंबरात महाबळेश्वरला एका हॉटेलात चौघं होतो. पियानो, बेस (खालच्या सुरांचं तारवाद्य), मी आणि सॅक्सोफोनला गोव्याचे एक अंकल, वय पंचाहत्तरच्या पुढचं. कार्यक्रमाच्या दुसऱ्या फेरीत त्यांनी एक अगदी संथ गाणं धरलं. मी काठ्या खाली ठेवल्या आणि ब्रश घेतले. ज्यांनी पाहिले नसतील त्यांना सांगतो, ब्रश म्हणजे बारीक तारांचा पसरलेला झुपका. डावा हात स्नेअरच्या खरखरीत स्किनवर गोल फिरत राहतो, सुपात तांदूळ घोळवल्यासारखा सर्र सर्र आवाज येतो, आणि उजवा हात त्यावर लय टिपत जातो. गुळगुळीत स्किनवर हा आवाज निघतच नाही, म्हणून स्नेअर घरचा न्यावा लागतो. बास ड्रमचं, म्हणजे पायानं वाजवायच्या मोठ्या ढोलाचं, पेडल तर इतकं हलकं दाबायचं की समोरच्याला ऐकू येऊ नये, बेसच्या तारेला मात्र खालून टेकू मिळावा.

गाणं संपलं तसे अंकल मागं वळून म्हणाले, "बाबा, आज मला माझा श्वास ऐकू आला." याहून मोठं बक्षीस मला आजवर मिळालेलं नाही. त्याच ब्रेकमध्ये कार्यक्रम सांभाळणारा माणूस आला आणि म्हणाला, "ड्रमरला झोप लागलीय का? जरा ताकद लावा." घरी आल्यावर त्या गाण्याचा व्हिडिओ आमच्या कलाकारांच्या ग्रुपवर टाकला. पहिलं उत्तर आलं, "यात ड्रम कुठाय?"

माझं म्हणणं असं, की आपल्या भागात ड्रमर जोखायचं मापच चुकलंय. हात किती पळतो, ठोका किती लांब जातो, काठी हवेत किती फिरते, एवढंच बघतात. गायकाला जागा देणाऱ्याला 'ढिला' म्हणतात. जॅझमध्ये १९४० च्या आसपास केनी क्लार्क या ड्रमरनं लय धरायचं काम बास ड्रमवरून काढून राइड सिम्बलवर, म्हणजे वरच्या मोठ्या झांजेवर, नेलं. चारही मात्रांवरचा धबधब थांबला, वर झांज वाहती राहिली आणि सोलो (एकट्याचं वादन) घेणाऱ्याला खाली मोकळं मैदान मिळालं. आधुनिक जॅझची इमारत ड्रमरनं सोडलेल्या त्या जागेवर उभी आहे.

माझ्या लेखी वाईट वादक म्हणजे हात पक्का आणि कान बंद असलेला माणूस. एक कीबोर्डवाला आहे, बेसची ओळसुद्धा डाव्या हातानं स्वतःच वाजवतो. त्याच्याबरोबर बसलं की बाकीच्यांना कामच उरत नाही. उलट आमचा बेसवाला, ज्याच्यासाठी आजवर कुणी टाळी वाजवलेली मी ऐकली नाही, तो नसला तर मला रस्ताच दिसत नाही. त्याच्या बहिणीच्या लग्नात मी पाकीट घेतलं नाही.

पटत नसेल त्यांनी मोकळेपणानं लिहावं.

पॅडवाला, तासगाव

दादा, तुमचा मान ठेवून विरोधात लिहितोय. मी ऑक्टोपॅड (काठ्यांनी वाजवायचं इलेक्ट्रॉनिक तालवाद्य) वाजवतो, जत्रा आणि गणपती. ट्रॅक्टरच्या दोन ट्रॉल्या जोडून स्टेज, शेजारी पाळणा फिरतोय, मागं जनरेटर. तिथं तुमचे ब्रश काय करणार? पहिल्या गाण्याला ठोका छातीत बसला नाही की शिट्ट्या सुरू, तिसऱ्या गाण्याला मैदान रिकामं. कमिटीचा माणूस स्टेजकडं बघत नाही, पब्लिककडं बघतो आणि पैसे काढतो. एका गावात "मजा आली नाही" म्हणून इसार सोडून बाकी रक्कम बुडवली आमची. सात जणं होतो. इसारातून टेम्पोचं भाडं दिलं आणि पहाटे मोकळ्या खिशानं घरी आलो. त्या रात्री मी गायकाला भरपूर जागा दिली होती, बरं का.

दुसरं, जॅझ म्हणजे हळू हे कुणी ठरवलं? ड्रमर आर्ट ब्लेकी ऐका. त्याचा स्नेअरवरचा रोल, म्हणजे काठ्यांचा सलग कडकडाट, ढग चढत यावेत तसा चढतो आणि सोलोवाल्याला उचलून पुढं टाकतो. ड्रमर बडी रिच ऐका. त्यानं १९६८ साली तबलानवाज उस्ताद अल्लारखाँसाहेबांबरोबर रेकॉर्ड केली. ही माणसं पहिल्या रांगेतलीच आहेत ना? तुम्ही तुमच्या आवडीचा एक कोपरा घेतलाय आणि त्यालाच माप म्हणताय.

मिरजेचा तबलजी

दोघांनाही अर्धं अर्धं मान्य. विलंबित एकतालात बारा मात्रा इतक्या लांब पसरतात की नवख्याला पुढची मात्रा येईपर्यंत घाम फुटतो. किराणा घराण्याची गायकी तर त्या पसाऱ्यातच राहते. त्या घराण्याचे अब्दुल करीम खाँसाहेब आमच्या मिरजेत राहिले, १९३७ साली गेले, त्यांची कबर मीरासाहेबांच्या दर्ग्यात आहे. उरसाच्या संगीतसभेत मी लहानपणापासून मांडी घालून बसलोय. नुसता ठेका देऊन माणूस तासभर गवयाला कसा धरून ठेवतो ते तिथं डोळ्यांनी पाहिलं.

पण 'कमी वाजवणं' हा स्वतःच गुण आहे असं धरून चालू नका. विलंबितात मात्रांच्या मधल्या जागा तबलजी बारीक बोलांनी भरतो म्हणून गवयाला ठाव लागतो. भरणा काढलात तर लय लोंबकळायला लागते. तबल्याचे थिरकवाँसाहेब बालगंधर्वांच्या नाटक कंपनीत संगत करत. आपल्या नागठाण्याच्या माणसाच्या गाण्यामागं तो हात होता. तेच खाँसाहेब सोलोला बसले की सभागृह दणाणून सोडत. संगतीची शिस्त वेगळी, सोलोची वेगळी. ब्रशवाले, तुम्ही संगतीचा नियम सगळ्या वादनाला लावताय.

आणि तालवाला नुसता मागं बसलेला नसतो, त्याच्या हातात सत्ताही असते. १९३६ मध्ये कॅन्सस सिटीत चार्ली पार्कर नावाचा सॅक्सोफोनवाला पोरगा जॅम सेशनमध्ये (आयत्या वेळी जमून वाजवायच्या बैठकीत) वाट चुकला, तेव्हा ड्रमर जो जोन्सनं सिम्बल काढून त्याच्या पायाशी फेकली. पोरगा अपमान गिळून गेला, घासूनपुसून रियाज केला आणि पुढं जगाला माहीत झाला. आमच्यातही जुने लोक सम चुकली की तबल्यावरून हात उचलून घेत.

सातारकर गायिका

पॅडवालेदादा, तुमची बाकी बुडाली ते वाईटच झालं, पण त्याचं खापर गायकाला दिलेल्या जागेवर फोडू नका. मी चौदा वर्षं स्टेजवर गातेय. एका सभागृहात मागच्या ड्रमरनं असा काही घणाघात केला की मॉनिटरमधून, म्हणजे आमच्याकडं तोंड केलेल्या स्पीकरमधून, मला माझा षड्जच ऐकू येईना. ऐकू आलं नाही की आपण ताणतो, आपोआप. तीन तास ताणलं. दुसऱ्या दिवशी आवाज बसला आणि सहा आठवडे डॉक्टरांनी बोलायलासुद्धा बंदी घातली. गणपतीचा सीझन गेला. ड्रमर मात्र त्याच रात्री टाळ्या घेऊन गेला, त्याचं काय गेलं?

लोक गाणं ऐकायला येतात. मुखडा सुटताना जोर हवा, मलाही हवा, त्यावर तर मी आत उडी मारते. पण अंतऱ्याच्या पहिल्या ओळीत शब्द असतात. त्या शब्दांवर रोल कशाला?

हलगीच्या घरातला, कवठेमहांकाळ

ब्रशवालेभाऊ, मोठा आवाज म्हणजे बंद कान हे तुमचं गणित माझ्या मनाला लागलं. आमच्या घरात चार पिढ्या हलगी आहे. कागद-पाचट पेटवून हलगी शेकायची, बोटानं टिचकी मारून बघायची, कातडं तापून टणाटण बोलायला लागलं की मैदानात उतरायचं. पावसाळी हवेत दर अर्ध्या तासाला शेकावी लागते. इतक्या नाजूक कानाचं काम आहे ते.

कुस्तीच्या मैदानात या कधी. पैलवान सलामी देतात तेव्हा हलगी नुसती चालीवर असते. खडाखडी सुरू झाली की ती जवळ येते. पट काढला, पकड बसली, की लय आवळत जाते. वाजवणाऱ्याची नजर हलगीवर नसते, पैलवानाच्या कंबरेवर असते. डाव फसला तर लय त्याच क्षणी सैल सोडावी लागते, नाहीतर चारी बाजूंनी बसलेल्या पब्लिकला चुकीचं कळतं. एवढ्या दणक्यात दुसऱ्याचं शरीर ऐकायचं असतं. हे ऐकणं नाही तर काय आहे?

आणि एक सांगतो. तुमचा ड्रमसेट आला कुठून? न्यू ऑर्लिन्सच्या रस्त्यावर मोठा ढोल एक, छोटा ढोल दुसरा आणि झांज तिसरा असा वाजवत चालायचे. पुढं पायाचं पेडल आलं, लुडविग या अमेरिकन ड्रमवाल्यानं १९०९ मध्ये चांगलं चालणारं पेडल बाजारात आणलं, आणि तिघांचं काम एका खुर्चीवर आलं. आमची हलगी म्हणजे तुमचा स्नेअर, घुमकं म्हणजे बास ड्रम, कैताळ म्हणजे सिम्बल. फरक इतकाच, की आम्ही अजून तिघं आहोत. तिघांनी एक व्हायचं तर कान उघडाच ठेवावा लागतो.

कार्यक्रम भरवणारा, सांगली

व्यवहाराचं बोलतो. नाट्यपंढरीत नाटकाला लोक तिकीट काढतात, नाट्यगीतांना काढतात. मी हौसेनं एकदा जॅझ ठेवलं होतं, पुण्याचे कलाकार बोलावून. चाळीस माणसं आली, त्यातली निम्मी ओळखीची. पदरचे पैसे घातले. परदेशी संगीत आहे, आपल्या मातीत रुजलेलं नाही, हे मान्य करून पुढं जाऊ.

ब्रशवाला, सांगली

हलगीवाले भाऊ, तुमचं उत्तर मी चार वेळा वाचलं. आवाज आणि कान यांची मी जी गाठ मारली होती ती चुकीची होती. कुस्तीला लहानपणी वडिलांबरोबर गेलोय, हलगी अंगावर घेतलीय, पण वाजवणाऱ्याची नजर कुठं असते हे कधी बघितलं नाही. पुढच्या मैदानाला येतो, तुमच्याशेजारी उभं राहू द्या. ब्लेकीबद्दलही पॅडवाला बरोबर आहे. तो रोल सोलोवाल्याला धक्का देतो, झाकत नाही.

पण तबलजीसाहेब, ती सिम्बल फेकल्याची गोष्ट मला आवडत नाही. पार्कर तेव्हा जेमतेम पंधरा-सोळा वर्षांचा. तो परत आला म्हणून गोष्ट राहिली. स्टेजवर हात उचलून घेतल्यामुळं जे वाद्य कायमचं खाली ठेवून गेले, त्यांची गोष्ट कोण सांगतं? मी एकोणीस वर्षांचा असताना एका सिनियरनं भर कार्यक्रमात माझ्या हातातल्या काठ्या काढून घेतल्या होत्या. दोन वर्षं सेटवर कापड टाकून ठेवलं. मला परत बसवलं ते एका बेसवाल्यानं, "ये, फक्त दुसऱ्या-चौथ्या मात्रेवर हाय-हॅट (पायानं मिटणारी झांजांची जोडी) दाब, बाकी मी बघतो" असं म्हणून. पोरगं चुकलं तर ठेका आणखी साधा करावा, सम ठळक दाखवावी, म्हणजे ते घरी परत येतं. ताकद असेल तर ती तिथं वापरावी.

कार्यक्रमवाले काका, तुमचं नुकसान झालं त्याचं वाईट वाटतं, पण 'मातीत रुजलेलं नाही' हे मान्य करून पुढं जाणार नाही. गोव्याची माणसं मुंबईत रात्री हॉटेलात जॅझ वाजवायची आणि दिवसा फिल्मच्या स्टुडिओत बसायची. चिक चॉकलेट ट्रम्पेटवाला, ज्यानं सी. रामचंद्रांबरोबर काम केलं. त्याचा मुलगा फ्रँको वाझ आर. डी. बर्मनकडं ड्रमवर. आणि गोव्याच्या जोडीला पारशी कावस लॉर्ड आणि त्याची मुलं केरसी आणि बुजी, तिघंही तालवाद्यं वाजवणारे. ज्या गाण्यांना तुमच्या कार्यक्रमात वन्समोअर मिळतो त्यातली कितीतरी या हातांतून गेलीत. महाबळेश्वरचे अंकल त्याच पिढीच्या शेपटाकडचे. त्यांना स्टुडिओतल्या शिफ्टा आठवतात, गाण्यांची नावं आठवत नाहीत, कारण नाव त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. नोटेशन समोर यायचं, वाजवायचं, उठायचं. एवढ्या लोकांनी आयुष्यं घातली आणि आपण म्हणायचं परदेशी?

पॅडवाला, तासगाव

बाकी ठीक आहे, पण माझ्या प्रश्नाचं उत्तर आलं नाही. जत्रेत आवाज कमी करून चालत नाही, ताईंना जागाही पाहिजे. हे दोन्ही एकदम कसं करायचं, ते सांगा. तत्त्व नको.

ब्रशवाला, सांगली

आवाज कमी करू नका, आवाजाची जागा बदला. अंतरा सुरू झाला की उघडी हाय-हॅट आणि क्रॅश झांज बंद करा. तो फसफस आवाज स, श, च या अक्षरांवर बसतो, शब्द त्यानंच जातात. हाय-हॅट बंद धरा. जोर बास ड्रमवर ठेवा, तो गायिकेच्या स्वरपट्टीच्या खूप खाली असतो, छातीत बसतो पण शब्द झाकत नाही. स्नेअरचे फिल, म्हणजे भरणीचे छोटे तुकडे, ओळीच्या मध्ये नको, ती श्वास घेते तिथं टाका. दोन ओळींमधली ती फट जेमतेम दोन मात्रांची असते, तेवढ्यात बसेल तेवढंच वाजवायचं. त्यासाठी तिच्या खांद्याकडं बघा, श्वास घेताना खांदा उचलतो. आणि साउंडवाल्याला आधीच सांगून ताईंच्या मॉनिटरमधून पॅड पूर्ण काढून टाका, तिला फक्त स्वतःचा आवाज आणि कीबोर्ड द्या. लय तिला स्टेजवरून तशीही मिळते.

सातारकर गायिका

खांद्याचं शंभर टक्के खरं. माझा उजवा उचलतो.

पॅडवाला, तासगाव

मुखड्याचा रोल सोडणार नाही, आधीच सांगतो. अंतऱ्याला हाय-हॅट बंद धरून बघतो. शनिवारी बोरगावला प्रोग्राम आहे.