उपचारांसाठी परदेशी जाणारे रुग्ण : पैसा कोणाच्या पदरात पडतो?

प्रश्न
परदेशी रुग्णांमुळे यजमान देशाला परकीय चलन मिळते, हे नेहमी सांगितले जाते. पण तिथल्या सामान्य रुग्णाच्या वाट्याला त्यातले काय येते आणि रुग्ण ज्या देशातून निघतो त्या देशावर काय परिणाम होतो, याचा हिशेब क्वचितच मांडला जातो. जाणकारांनी कृपया लिहावे.

प्रतिसाद १
राष्ट्रीय हिशेबात ही सेवांची निर्यात धरली जाते, फरक एवढाच की इथे मालाऐवजी ग्राहकच सीमा ओलांडतो. थायलंडचे उदाहरण पाहावे. जुलै १९९७ मध्ये बाट हे तिथले चलन कोसळले, खासगी रुग्णालयांची डॉलरमधली कर्जे फुगली आणि देशातल्या मध्यमवर्गाला खासगी उपचार परवडेनासे झाल्याने खाटा रिकाम्या पडू लागल्या. घसरलेल्या बाटमुळे तेच उपचार परदेशी रुग्णाला मात्र स्वस्त पडू लागले, आणि बँकॉकच्या बुमरुंग्रादसारख्या रुग्णालयांनी या संधीवरच आपली घडी पुन्हा बसवली. पुढे २००१ मध्ये दर भेटीला ३० बाट भरून उपचार देणारी सरकारी आरोग्य योजना आली आणि सरकारी रुग्णालयांत गर्दी वाढली; नेमक्या त्याच काळात जास्त पगाराच्या ओढीने तज्ज्ञ डॉक्टर खासगीकडे जात होते. सरकारी खर्चाने शिकलेला शल्यचिकित्सक गरिबाच्या वाट्याला येत नसेल, तर मिळालेल्या परकीय चलनातून ही किंमत वजा करायलाच हवी, असे माझे ठाम मत आहे.

प्रतिसाद २
डॉक्टर खासगीकडे जाण्याचे सगळे खापर परदेशी रुग्णांवर फोडणे मला पटत नाही, कारण देशातला श्रीमंत वर्गही त्याच रुग्णालयांत जातो. शिवाय पैसा रुग्णालयापुरता राहत नाही. मेक्सिकोतले लॉस अल्गोदोनेस हे अमेरिकेच्या सीमेला लागून असलेले, काही हजार वस्तीचे गाव. तिथे शेकडो दंतवैद्य आहेत आणि त्यांच्या आधाराने चष्म्यांची व औषधांची दुकानेही चालतात. दाताचे रोपण हाडात पक्के व्हायला साधारण तीन ते सहा महिने लागतात, त्यामुळे रुग्णाला दुसरी खेप करावीच लागते. प्रवास, मुक्काम, सोबत्याचा खर्च आणि बुडालेली मजुरी धरली की कागदावरची बचत बरीच आटते.

प्रतिसाद ३
मूळ देशाबद्दल कोणीच लिहिले नाही, म्हणून थोडे लिहितो. युरोपीय संघाच्या २०११ च्या निर्देशानुसार रुग्णाला दुसऱ्या सदस्य देशात उपचार घेता येतात, पण परतावा मायदेशात तोच उपचार घेतल्यास जितका मिळाला असता, फार तर तितकाच मिळतो; त्यामुळे तिजोरीवरचा भार आटोक्यात राहतो. खरा प्रश्न परतल्यानंतर उभा राहतो. जखम चिघळली, तर शस्त्रक्रिया करणारा डॉक्टर हजारो मैलांवर असतो आणि पुढचा खर्च मायदेशातल्या सरकारी रुग्णालयावर पडतो. वंध्यत्वावरील उपचारांत परदेशात गर्भाशयात एकाहून अधिक भ्रूण ठेवले गेले आणि जुळी किंवा तिळी बालके वेळेआधी जन्मली, तर नवजात अतिदक्षता विभागातले त्यांचे अनेक आठवडे त्या परदेशी दवाखान्याच्या बिलात कुठेच दिसत नाहीत.