मदत हवी आहे: सीट नंबर नसलेल्या विमानात चौघं एकत्र कसे बसणार?

आम्ही चौघं (5 वर्षांची लेक आणि सासूबाई धरून) अशा विमानाने जातोय, जिथे जो आधी शिरेल त्याची जागा. मागच्या वेळी चेक-इनला उशीर केला, बोर्डिंगचा नंबर शेवटचा आला. आत फक्त मधल्या सीटा उरलेल्या, त्याही वेगवेगळ्या रांगांत! लेकीने भोकाड पसरलं, शेवटी एका काकांनी जागा बदलून दिली.

यंदा 24 तास आधी चेक-इन उघडताच करणारच आहे. पण लहान मूल असेल तर लवकर आत सोडतात, त्यात सासूबाईंनाही घेतात का? मागच्या रांगा खरंच उशिरा भरतात का? नवरा म्हणतो, एकाने पुढे जाऊन बाकीच्या सीटांवर पिशव्या ठेवायच्या. मला ते पटत नाही, उगाच भांडणं. कुणाचा अनुभव?